मदत हवी आहे: दही लागेना, विरजणातले जगलेले जीवाणूच पुढे वाढवावेत का?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात आमचा दही-चक्क्याचा छोटा धंदा आहे, मी आणि बायको मिळून बघतो. रोजचं ४०० लिटर दूध ९० अंशांवर तापवून ४३ ला आणतो आणि पाकिटातलं कल्चर घालतो. त्यात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि बल्गेरिकस हे जीवाणू आहेत. पाकीट महाग, म्हणून एकाचं विरजण चार-पाच दिवस चालवतो.

पंधरवड्यापासून पहिल्या दिवशी दही घट्ट, दुसऱ्या दिवशी सैल, तिसऱ्या दिवशी आठ तासांनीही पीएच (आंबटपणाचं माप) ५.४ वर अडकलेला, म्हणजे दही लागलंच नाही. अँटिबायोटिकची पट्टी लावून पाहिली, दूध स्वच्छ आहे. तेच दूध घरच्या विरजणाने नीट लागतं. दोनदा सगळं दही टाकून द्यावं लागलं, जीव तुटतो.

हा फाजचा, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा प्रकार वाटतो. वाचलं की २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीचे बारांगू, हॉर्वाथ आणि क्वेबेकचे मॉइनो या शास्त्रज्ञांनी याच थर्मोफिलसवर क्रिस्परचं, म्हणजे जीवाणूंच्या विषाणूविरोधी बचावाचं, काम उलगडलं. हल्ल्यातून वाचलेला जीवाणू विषाणूच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत जपतो आणि पुन्हा तो विषाणू आला की ओळखून कापतो. तो तुकडा काढला की प्रतिकार गेला, घातला की आला.

मग बिघडलेल्या दह्यात जे जगलंय, तेच वाढवलं तर आमचं स्वतःचं प्रतिकारक विरजण होईल ना?

प्रतिसाद

दादा, कल्पना बरोबर आहे, पण असं करू नका. त्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हल्ल्यातून जगलेली जीवाणूंची एकेक वसाहत वेगळी काढून तपासली होती. तुमच्या दह्यात जगलेल्यांबरोबर फाजही पुढे जाईल. शिवाय त्याच्या डीएनएतलं नेमकं एक अक्षर बदललं तरी तो त्या तुकड्याला चुकवतो. आणि जो जगला तो आम्ल भराभर करेलच असं नाही.

चक्का कुठे निथळता? त्याच खोलीत विरजण लावत असाल तर मला दुखणं तिथेच दिसतं. चक्क्याच्या पाण्याच्या बारीक तुषारांतून फाज हवेत पसरतो. ९० अंशांवर बहुतेक फाज मरतात, पण हा दूध निवल्यावर येतो.

खात्री करायची तर बिघडलेल्या दह्याचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. फाज त्यातून जातो, जीवाणू अडकतात. ताज्या कल्चरच्या एका नळीत हे पाणी घाला, दुसरीत तेच कुकरमध्ये वीस मिनिटं शिजवून. पहिलीच अडली तर फाज नक्की. मग रोज नवं पाकीट, आणि पुरवठादाराकडून वेगळ्या फाज-गटाची (म्हणजे एकाच फाजला बळी न पडणारी) दोन-तीन कल्चर घेऊन आलटूनपालटून वापरा.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. चक्क्याची फडकी विरजणाच्या टाकीपासून चार हातांवरच टांगतो. आजच मागच्या पडवीत हलवतो. फिल्टर मिरजेत मिळेल का, कुणी सांगेल का?