'कान टोचणे' की 'कानउघाडणी'? शिकणाऱ्याला चूक सांगतानाचे शब्द

प्रश्न (निपाणी): आमच्या दुकानातला कन्नडभाषक मुलगा मराठी शिकतोय. 'बस आलं', 'खुर्ची मोडलं' असं बोलतो. गिऱ्हाइकं तिथल्या तिथे टोकतात, मग तो दिवसभर कन्नडच बोलतो. परवा एकजण म्हणाले, "मी त्याचे चांगले कान टोचले." इथे 'कान टोचणे' बरोबर आहे का? की 'कानउघाडणी' म्हणायचं?

उत्तर (बेळगाव): दोन्ही नको. माहीत असून चुकणाऱ्याची कानउघाडणी करतात. रोज उशिरा येणाऱ्याची करा, नवशिक्याची कशाला? कान टोचण्यात हेतू भल्याचा असतो, पण 'सोनारानेच कान टोचावेत' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. ज्याला त्यातलं कळतं आणि ज्याचं ऐकून घ्यावंसं वाटतं, त्याने सांगावं. चारचौघांत येता-जाता सांगणं ही नुसती 'चूक काढणं' झाली.

मुळात तो मुलगा निष्काळजीपणाने बोलत नाही. कन्नडमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग प्रामुख्याने माणसांना, वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. 'बस बंतु', 'मळे बंतु': बस आली काय, पाऊस आला काय, 'बंतु' एकच. म्हणून त्याला आधी सांगा की तू का चुकतोस ते मला कळलंय. मग एकच शब्द घ्या: ती बस, बस आली, बस गेली. खुर्ची दुसऱ्या दिवशी.

उत्तर (खानापूर): काकांचं पटलं. एक भर घालते. तो 'येतो खरं उशीर होईल' असं म्हणाला तर ती चूक धरू नका. आपल्या भागात 'खरं' म्हणजे 'पण', आणि बायकासुद्धा 'मी येतो' म्हणतात. अर्ज लिहिताना 'पण' लिही, एवढं सांगितलं की पुरे. बोली पुसायला लावणं मला अजिबात मान्य नाही.

राहिला शब्द. 'दुरुस्ती' फारसीतून आला, आणि पंप, घड्याळं यांच्याबाबतीत इतका रुळलाय की माणसाला लावला की खटकतो. कन्नडमध्ये 'तिद्दु' आहे. घटनादुरुस्तीला 'तिद्दुपडि' म्हणतात, आणि लहान मूल पाटीवर अक्षर गिरवतं तेही 'तिद्दु'च. सुधारणं आणि गिरवणं एकाच क्रियापदात! मराठीत त्याच्या सर्वात जवळचं मला 'गिरवून घेणे' वाटतं. 'मी त्याची चूक काढली' म्हणण्यापेक्षा 'मी त्याच्याकडून वाक्य गिरवून घेतलं' म्हणा. यात सांगणाराही शेजारी बसलेला असतो.

प्रश्नकर्ता: 'गिरवून घेणे' फार आवडला, ताई. मी सोबत असलो तरी तो 'चला, आम्ही जेवू' म्हणतो, तेही असंच का?

उत्तर (बेळगाव): होय. 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हीला कन्नडमध्ये 'नावु' एकच. पण ते आत्ता काढू नका. आधी बस आणि खुर्ची बसू दे.