‘सिंगर-साँगरायटर’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी :
संगीतावरच्या एका लेखमालेसाठी मी अमेरिकी गायिका नोरा जोन्स यांच्या ‘कम अवे विथ मी’ या २००२ सालच्या अल्बमवर टिपण लिहिले. त्याचे पहिले वाक्य असे होते : ‘गायिका-गीतकार नोरा जोन्स यांच्या या हळुवार अल्बममध्ये जॅझ, पॉप, फोक आणि कंट्री यांचा मिलाफ झाला आहे.’ संपादकांनी त्यावर लाल शाई फिरवली. ‘गायिका-गीतकार’चे ‘कवयित्री-गायिका’ झाले, ‘फोक’चे ‘लोकसंगीत’ झाले आणि ‘कंट्री’चे ‘ग्रामीण संगीत’ झाले. शेवटच्या दोन बदलांवर मी त्यांच्याशी भांडेन, कारण ते मला चुकीचेच वाटतात. पहिल्या शब्दाबाबत मात्र मी स्वतः अडले आहे. इंग्रजीतला ‘साँगरायटर’ शब्द आणि चाल ही दोन्ही अंगे रचतो, आपला ‘गीतकार’ केवळ शब्द लिहितो. आकाशवाणीवर गीत कोणाचे, संगीत कोणाचे आणि स्वर कोणाचा हे वेगवेगळे ऐकत वाढलेल्या वाचकाने ‘गायिका-गीतकार’ वाचले की ‘मग चाल कोणाची?’ असे तो विचारणारच. शब्द, चाल आणि गळा ही तिन्ही एकाच व्यक्तीची असतील तर तिला म्हणावे काय?

देवगिरीकर :
शब्द आहे आणि तो महाराष्ट्राच्या मातीतच व्याख्येसह लिहून ठेवला गेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ‘वाग्गेयकार’ या संज्ञेची चर्चा केली आहे. गीतातील शब्दांच्या अंगाला तो ‘मातु’ म्हणतो, चालीच्या अंगाला ‘धातु’ म्हणतो, आणि ही दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. पुढे त्याने प्रतवारीही लावली आहे. दुसऱ्याच्या चालीवर नुसते शब्द बसवणाऱ्याला त्याने ‘कुट्टिकार’ असे काहीसे खवचट नाव दिले आहे, ज्यात आजचे चित्रपटगीतकार मोठ्या संख्येने बसतील. कर्नाटक संगीतात त्यागराजांना आजही वाग्गेयकारच म्हणतात. इतका नेमका शब्द घरात असताना ‘सिंगर-साँगरायटर’ देवनागरीत लिहिण्याचे कारण मला समजत नाही.

तबकडी :
कारण सोपे आहे. ‘वाग्गेयकार नोरा जोन्स’ असे लिहिले तर पुढचे वाक्य वाचायला कोणी थांबणार नाही. शब्द नेमका असणे आणि शब्द चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पण माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. या अल्बमपुरते बोलायचे तर त्या ‘सिंगर-साँगरायटर’ आहेत का, हेच आधी तपासायला हवे. अल्बमवर १४ गाणी आहेत. त्यांतली शीर्षकगीत आणि ‘नाइटिंगेल’ ही दोनच नोरा यांनी एकट्याने रचली आहेत, आणि ‘द लाँग डे इज ओव्हर’ त्यांनी जेसी हॅरिस यांच्यासह रचले आहे. ज्या ‘डोंट नो व्हाय’मुळे त्या घराघरांत पोचल्या ते गाणे शब्दचालींसह हॅरिस यांचे आहे, आणि आणखी तीन गाणीही एकट्या हॅरिस यांचीच आहेत. बास वाजवणारे ली अलेक्झांडर यांची तीन, शिवाय जे. सी. हॉपकिन्स यांच्यासह केलेले एक. उरलेली तीन जुनी गाणी : हँक विल्यम्स यांचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’, जे. डी. लाउडरमिल्क यांचे ‘टर्न मी ऑन’ आणि होगी कारमायकेल व नेड वॉशिंग्टन यांचे ‘द निअरनेस ऑफ यू’. २००३ च्या ग्रॅमी समारंभात वर्षातील अल्बमचा मान नोरा यांना मिळाला, पण ‘साँग ऑफ द इयर’ हा पुरस्कार रचनाकाराचा असल्यामुळे तो जेसी हॅरिस यांच्याकडे गेला. म्हणजे तिकडची पुरस्कार समितीसुद्धा गाणारा आणि रचणारा यांत गल्लत करत नाही. संपादकांनी सुचवलेली ‘कवयित्री’ तर कुठूनच लागू पडत नाही. ‘गायिका’ आणि ‘पियानोवादक’ हे दोन शब्द लिहा, तेवढे पुरेसे आहेत.

शब्दवेडी :
ही आकडेवारी मला माहीत आहे आणि टिपणात ती दिलेलीही आहे. परंतु ‘सिंगर-साँगरायटर’ हे आता केवळ व्यक्तीचे वर्णन राहिलेले नसून ते एका प्रकारच्या संगीताचे नाव झाले आहे : एक आवाज, एक गिटार किंवा पियानो, मोजके साथीदार आणि स्वतःच्याच मनाशी बोलल्यासारखी शब्दकळा. त्या अर्थाने हा अल्बम त्याच खणात ठेवला जातो, मग गाणी कोणी का रचली असेनात. मला त्या खणाचेही नाव हवे आहे.

शिरूरचा पोवाडा :
खणाचे नाव ‘भावगीत’. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायली, गजानन वाटवे कवींच्या कवितांना स्वतः चाली लावून मंद्र आवाजात गाऊ लागले, आणि पेटीतबल्याच्या साथीने मनातले बोलणारे गाणे मराठीत रुजले. मूळ कल्पनेच्या याहून जवळ जाणारे आपल्याकडे काही नाही.

आणि व्यक्तीचे नाव हवे असेल तर ‘शाहीर’ आहेच. शाहीर कवन रचतो, चाल बांधतो आणि डफावर थाप मारून स्वतः गातो. राम जोशी हे करत होते, अमर शेख हे करत होते. अरबी ‘शाइर’वरून आलेला हा शब्द आपण असा काही आपलासा केला की मूळ शब्दात नुसता कवी होता, आपण त्याच्या हाती डफ दिला. शुद्धतावाद्यांनी संस्कृतात शोधाशोध करण्याऐवजी इकडे पाहावे.

देवगिरीकर :
शाहीर म्हटले की मराठी माणसाला वीररस, पोवाडा आणि फार तर लावणी आठवते. ज्या गाण्यात बाई झोपेतून उठल्यासारख्या आवाजात ‘मी का आले नाही, ते मलाच ठाऊक नाही’ असे म्हणते, तिला शाहीर म्हणणे हा विनोद होईल. शिवाय आपले उदाहरणच आपल्यावर उलटते. होनाजी-बाळा या जोडीत होनाजी शिलारखाने कवने रचत आणि बाळा कारंजकर ती गात, असे परंपरा सांगते. जोन्स आणि हॅरिस यांचा मामला नेमका हाच आहे. तेव्हा शाहिरांतसुद्धा कामाची वाटणी होती.

शिरूरचा पोवाडा :
वाटणी होती, पण फड एक होता आणि नाव जोडीचे होते. नोरा यांच्या अल्बमवर हॅरिस यांचे नाव मुखपृष्ठावर नाही. मराठीने यातून काही शिकायचे असेल तर शब्द नव्हे, तर जोडनाव देण्याची रीत शिकवावी. म्हणजे आपण शिकायचे नाही, त्यांना शिकवायचे आहे.

डॅलसकर :
मी टेक्सासात राहतो. नोरा जोन्स जिथे वाढल्या ते ग्रेपव्हाइन डॅलसच्या जवळच आहे, म्हणून दोन शब्द ‘कंट्री’विषयी लिहितो. ‘ग्रामीण संगीत’ हा शब्द पूर्णपणे दिशाभूल करणारा आहे. आपल्याकडे ग्रामीण म्हटले की जात्यावरच्या ओव्या, भलरी, कोळीगीते अशी नावे सुचतात. त्यांचा कर्ता अज्ञात असतो. कंट्री हे मात्र मुख्यतः नॅशव्हिल शहराच्या स्टुडिओंतून घडवलेले, कंपन्यांनी विकलेले आणि रेडिओने पसरवलेले व्यावसायिक संगीत आहे. त्यात गावाची आठवण असते, गाव नसते. हे नावसुद्धा जुने नाही. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक १९४० च्या दशकात याच संगीताची यादी ‘फोक’ या नावाने छापत असे आणि १९४९ मध्ये ते ‘कंट्री अँड वेस्टर्न’ म्हणू लागले. ज्या दोन शब्दांना संपादक ‘लोकसंगीत’ आणि ‘ग्रामीण संगीत’ असे वेगळे प्रतिशब्द देत आहेत, ते तिथल्या बाजारात काही वर्षे एकाच मालाच्या दोन चिठ्ठ्या होते. आता फोक म्हणजे तिथे बहुधा गिटार घेऊन स्वतःचे गाणे म्हणणारा ठाऊक नावाचा माणूस असतो, आणि आपले लोकगीत म्हणजे नेमके त्याच्या उलट, ज्याचा कर्ता कोणीच सांगू शकत नाही. ‘फोक’ आणि ‘कंट्री’ हे दोन्ही शब्द देवनागरीत तसेच ठेवावेत.

देवगिरीकर :
तसेच ठेवण्याची घाई कशासाठी? ‘देशी’ हा शब्द आहे. शार्ङ्गदेवाने संगीताचे ‘मार्ग’ आणि ‘देशी’ असे दोन भाग केले आहेत. नियमबद्ध परंपरेचे ते मार्ग, आणि देशोदेशीच्या जनांना रुचणारे ते देशी. ‘कंट्री’चा याहून सरळ प्रतिशब्द कोणी दाखवून द्यावा.

तबकडी :
दाखवतो. सरकारी परवान्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘कंट्री लिकर’ला ‘देशी दारू’ लिहिलेले असते. ‘जॅझ, पॉप आणि देशी यांचा मिलाफ’ असे छापून आले तर वाचक काय समजेल, याची कल्पना करा.

देवगिरीकर :
वाचकाच्या गैरसमजाला शार्ङ्गदेव जबाबदार नाही.

डॅलसकर :
‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ या एकाच गाण्याचा प्रवास पाहिला तर लेबले किती तकलादू आहेत ते कळते. हँक विल्यम्स यांनी ते १९५१ मध्ये कंट्री म्हणून गायले. त्याच वर्षी टोनी बेनेट यांनी वाद्यवृंदासह गायले आणि ते पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. नोरा यांनी त्याला जॅझची डूब दिली. शब्द तेच, रचना तीच. मग ‘मिलाफ’ हा शब्दसुद्धा मला शंकास्पद वाटतो, कारण मिलाफ दोन वेगळ्या वस्तूंचा होतो. इथे वस्तू एकच आहे आणि दुकाने चार आहेत.

हळूबाई :
मला खटकला तो ‘हळुवार’. मूळ इंग्रजी विशेषण ‘मेलो’ असणार. त्या शब्दाच्या मुळाशी फळ पिकून मऊ आणि गोड होण्याची कल्पना आहे. ‘हळुवार’मध्ये नाजूकपणा आहे, पिकलेपण नाही. ‘मवाळ’ अर्थाने जवळ आहे, पण जहाल-मवाळ वादानंतर तो शब्द नामदार गोखल्यांच्या नावे झाला. मी ‘मुरलेला’ सुचवते. लोणचे मुरते, तसा हा आवाज मुरलेला आहे. तिखट आहे, पण टोचत नाही.

तबकडी :
अल्बम आला तेव्हा बाई २२ वर्षांच्या होत्या. मुरायला वेळ कुठे मिळाला? ‘डोंट नो व्हाय’ची प्रसिद्ध झालेली आवृत्ती तर कंपनीला ऐकवण्यासाठी केलेल्या नमुना ध्वनिमुद्रणातली आहे. निर्माते क्रेग स्ट्रीट यांच्याबरोबर केलेले पुढचे बरेचसे काम बाजूला ठेवून दुसरे निर्माते आरिफ मार्डिन यांच्या देखरेखीखाली अल्बम पुन्हा घडवला गेला, पण हे गाणे त्या सुरुवातीच्या रूपातच राहिले. हे मुरणे नव्हे, हा ताजेपणा आहे. ‘निवांत’ म्हणा. ‘द निअरनेस ऑफ यू’मध्ये आवाज आणि पियानो यांखेरीज काहीच नाही, आणि त्या मोकळ्या जागेला ‘निवांत’ हाच शब्द शोभतो.

हळूबाई :
निवांत ऐकणारा असतो, गाणे नसते. ‘निवांत गाणे’ ही मराठी नाही, ही जाहिरातीची भाषा आहे.

शिरूरचा पोवाडा :
मूळ प्रश्नाकडे येतो. मला आश्चर्य वाटते की पंडित रविशंकर यांच्या या कन्येसाठी कोणालाही भारतीय संज्ञा सुचवताना तो दुवा आठवला नाही. रक्तातच शब्द-स्वराचे एकत्व असेल तर वाग्गेयकार शोभूनही दिसेल, असे म्हणत आता मी थोडासा देवगिरीकरांच्या बाजूला झुकतो.

डॅलसकर :
हा दुवा इथे आणू नये. त्यांना त्यांच्या आईने, सू जोन्स यांनी, टेक्सासात वाढवले, आणि जॅझ पियानोचे शिक्षण त्यांनी नॉर्थ टेक्सास विद्यापीठात घेतले. अल्बममध्ये सतार नाही, राग नाही. ‘लोनस्टार’ नावाचे गाणे आहे, आणि लोन स्टार हे टेक्सासचे टोपणनाव आहे. वडिलांवरून संज्ञा ठरवायची, तर मग हँक विल्यम्स यांचे गाणे कोणाच्या घराण्याचे म्हणायचे?

व्याकरणप्रेमी :
एक स्वतंत्र मुद्दा. ‘गायिका-गीतकार’मध्ये पहिले पद स्त्रीलिंगी आणि दुसरे उभयलिंगी असल्याने कानाला अडखळते. ‘चित्रकार’, ‘कलाकार’, ‘गीतकार’ ही ‘कार’ प्रत्ययाची नामे मराठीत स्त्रियांनाही तशीच लावली जातात आणि त्यात काही गैर नाही. ‘वाग्गेयकार’लाही हाच नियम लागेल, त्यामुळे कोणी ‘वाग्गेयकर्त्री’ असे काही घडवू नये. दुसरे असे की ‘जॅझ’ आणि ‘जाझ’ या दोन्ही लेखनरूपांतून एक निवडावे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकापासून हे संगीत वाजत आले आहे आणि ते वाजवणाऱ्यांत गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने होते; तेवढ्या काळात लेखनरूप ठरायला हवे होते.

शब्दवेडी :
‘जॅझ’ ठेवले आहे. संपादकांना दुसरा मसुदा असा पाठवला आहे : ‘स्वतः रचणाऱ्या आणि इतरांच्या रचना स्वतःच्या करून गाणाऱ्या नोरा जोन्स यांच्या या अल्बममध्ये...’ ते म्हणतात, वाक्य लांबले.

देवगिरीकर :
‘वाग्गेयकार’ घेतला असता तर लांबले नसते.

तबकडी :
आणि खोटे ठरले असते. १४ पैकी दोन.

हळूबाई :
तो अल्बम ‘ब्लू नोट’ कंपनीचा आहे, आणि त्या नावाला कोणी हात लावलेला नाही. जॅझमध्ये ब्लू नोट म्हणजे सरळ सुरापेक्षा किंचित उतरवून, वाकवून लावलेला सूर. ‘कोमल गंधार’ म्हटले तर जवळ जाते ना?

देवगिरीकर :
जवळ जाते, पण पोचत नाही. कोमल गंधार पेटीवर एका पट्टीवर सापडतो. ब्लू नोट दोन पट्ट्यांच्या मध्ये असते, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून ती भासवतात. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार घ्यावा, तर तो अधिक जवळचा.

डॅलसकर :
दरबारीतला गंधार ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या चालीने हलतो. ब्लू नोट गायकाच्या मर्जीवर असते. हा प्रतिशब्द मान्य नाही.