नागावच्या पुळणीवर लेकीचं लग्न: खान्देशातून काय न्यावं, समुद्राचं काय घ्यावं?

सावद्याची आई

नमस्कार मंडळी. आम्ही सावद्याचे, तालुका रावेर, घरची केळीची बाग. धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय. जावई अलिबागजवळच्या नागावचे. त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीचं मागचं फाटक उघडलं की सुरूची झाडं, आणि झाडांपलीकडे थेट समुद्र. साखरपुड्याला गेलो तेव्हा पोरगी त्या फाटकातच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हॉल नको. इथंच, वाळूवर." मुहूर्त निघालाय माघ वद्य पंचमीचा, गोरज. आमच्याकडून सव्वाशे माणसं येतील. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, काठी घेऊन चालतात, आणि त्या येणारच.

आता माझी अडचण सांगते. सजावटवाल्याने मोबाइलवर फोटो दाखवले. निळे-पांढरे पडदे, प्लास्टिकचे तारामासे, थर्माकोलचे शिंपले. दहा लग्नं दाखवली, दहाही सारखीच. त्यात आमचं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर समुद्राचंही काही नव्हतं. मला दोन्ही घरं दिसायला हवीत. मांडवाच्या चारही कोपऱ्यांना आमच्याच बागेतले केळीचे खांब न्यायचं ठरवलंय. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आमच्यापासून जवळ, तिथलं पाणी तांब्यात भरून न्यावं आणि लग्न लागल्यावर दोघी विहिणींनी मिळून समुद्रात सोडावं असं मनात आहे. तापी शेवटी सुरतेजवळ ह्याच समुद्राला मिळते. म्हणजे आमची लेक जिथे चालली, तिथे आमची नदी आधीच जाऊन पोचलेली आहे. हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण मी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलाय. पाणी कुठपर्यंत येतं, होम पेटेल का, अंतरपाट वाऱ्यात धरता येईल का, सासूबाई वाळूत बसतील कशा, काही कळत नाही. शिवाय जेवण. आमच्या माणसांना भरीत नसेल तर थंडीतलं लग्न लग्न वाटत नाही. कुणी असं लग्न केलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

भुसावळचा गार्ड

ताई, मी रेल्वेतून निवृत्त झालो आणि गेली नऊ वर्षं अलिबागला लेकीकडे असतो. रोज सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर असतो, त्यामुळे पाण्याचं तेवढं मी सांगू शकतो.

तुमच्या घरात पंचांग आहे ना? मग भरतीचं वेळापत्रक तुमच्याकडे आहे. इथल्या कोळ्यांनी मला शिकवलेला हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला हिशोबाने सव्वाअकरा येतात, पण प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, मध्ये साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्याला हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारी माणसं ह्याच अंदाजावर निघतात. त्या दिवसाचा छापील तक्ता बघायचाच, पण तारीख ठरवताना पंचांग पुरतं.

आता तुमची पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला पाणी सगळ्यात वर असेल. माघात इथे सूर्य साडेसहानंतर मावळतो. तोपर्यंत जवळपास तीन तास पाणी मागे गेलेलं असेल आणि रात्री दहापर्यंत जातच राहील. लग्न लागताना ओली, घट्ट, चकचकीत पुळण तुमच्यासमोर उघडी होत जाईल. ह्याहून चांगली वेळ मागूनही मिळाली नसती. शिवाय पंचमीला पौर्णिमेचं उधाण ओसरत आलेलं असतं.

धोका वेगळाच आहे. त्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी असेल. मांडववाला तेव्हा येईल, त्याला मोकळं मैदान दिसेल, आणि तो पार खाली खांब रोवायला घेईल. तसं करू देऊ नका. त्याआधीच्या पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबाराला जावयांना किनाऱ्यावर उभं करा. पाणी जिथपर्यंत चढेल तिथे खुंटी ठोकायची, आणि मांडव त्या खुंटीच्याही वीस पावलं वर घालायचा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, नारळाची सालं ह्यांची एक रेघ किनाऱ्यावर दिसते, ती समुद्राने स्वतः आखलेली हद्द. तिला मान द्यायचा.

वारा दुपारी समुद्राकडून येतो, संध्याकाळी पडत जातो आणि रात्री उलटा, जमिनीकडून सुटतो. होमाला पश्चिमेच्या बाजूने कमरेएवढी कनात लावा, म्हणजे ज्वाला टिकेल आणि बसलेल्या माणसांना समुद्रही दिसेल.

वाडी खासगी असली तरी किनारा सरकारी. सागरी किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना लागू आहे, म्हणून ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि मेरीटाइम बोर्ड तिन्हीकडे जावयांनी आधी चौकशी करावी. मांडव वाडीच्या हद्दीत आणि फक्त लग्न लागायला वाळूवर, असं केलं तर बरंच सोपं जाईल. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद.

गाडीचं एक सांगतो, माझा जुना धंदा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. एका अर्जावर सहाच नावं बसतात. सव्वाशे माणसं म्हणजे एकवीस अर्ज. घराघरांत आत्ताच वाटून द्या आणि पनवेलपर्यंत काढा, तिथून बस.

तापीकाठची, नंदुरबार

काकू, माझं लग्न तीन वर्षांपूर्वी सुरतेजवळ समुद्रावर झालं. सासर सुरतेचंच. वरच्या काकांनी पाण्याचं सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे, कारण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी एवढं दूर जातं की दिसत नाही, आणि येतं तेव्हा भरभर येतं. सजावटवाल्याने सकाळी गालिचे अंथरले. दुपारी हळदीच्या जेवणाला बसलो होतो, आणि माझी आजी एकदम उठून ओरडली, "पानी उनं! पानी उनं!" पहिल्या दोन रांगांचे गालिचे भिजून लोळागोळा झाले. पाच-सहा भाऊ धावले, खुर्च्या उचलल्या, मांडव तासाभरात मागे घेतला. कुणाला लागलं नाही, पण आईचा चेहरा मला अजून आठवतो. तिने महिनाभर जागून काढलेल्या रांगोळीच्या पाटाला खारं पाणी लागलं होतं.

तुमच्या सासूबाईंसाठी: खुर्चीचे पाय कोरड्या वाळूत हळूहळू रुततात, एक पाय जास्त रुतला की माणूस कलंडतो. खुर्च्यांखाली प्लायवूडच्या फळ्या टाका. फाटकापासून मांडवापर्यंत काथ्याची चटई अंथरा, काठी तिच्यावर नीट टेकते.

आता अंतरपाट. आजीच्या सारीपाटाच्या कवड्या घरात होत्या. आईने त्यातल्या अकरा कवड्या अंतरपाटाच्या खालच्या काठाला शिवल्या, वजन म्हणून. कापड उडालं नाही. मला पलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त खाली पायाशी त्या कवड्या एकमेकींवर टकटक वाजत होत्या, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तेच ऐकत होते. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा सगळ्या एकदम खुळखुळल्या. तुम्ही म्हणता ना, सजावटीत समुद्राचं काही नाही. काकू, आपल्या घरांत तो आधीपासून आहे. देवघरातला शंख, मुंडावळ्यांचे मोती, सारीपाटाच्या कवड्या. हे कुठून आणावं लागत नाही, फक्त पेटीतून काढायचं.

किनाऱ्यावरचे शिंपले पोत्याने गोळा करू नका, आणि बाजारात प्रवाळ दिसलं तर घेऊच नका. प्रवाळाला आणि काही जातींच्या शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय रिकाम्या शंखांत खेकडे राहतात, ते त्यांचं घर. अक्षतांसोबत चमचमता कागद नको, झेंडूच्या पाकळ्या द्या, समुद्रात गेल्या तरी चालतील.

पाहुण्यांना परत भेट म्हणून आमच्याकडे स्टीलच्या वाट्या वाटल्या होत्या. तुम्ही सावद्याचे, मग तुमच्या केळीचे वेफर आणि नागावकरांच्या वाडीची सुपारी किंवा कोकम, एकाच पिशवीत. दोन गावं एका पिशवीत.

असोद्याची अन्नपूर्णा

भरीत होतं, ताई. आमचा जेवणावळीचाच धंदा आहे. वांगी कच्ची न्या, पाटीत पाचोळा घालून, एकावर एक फार रचू नका. भाजून नेलेलं भरीत प्रवासात आंबतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे सामानाच्या गाडीत टाका. तिकडे झावळ्या मिळतील, पण त्यांचा जाळ भडकतो आणि विझतो, वांग्याला पऱ्हाट्यांचा टिकाऊ विस्तव लागतो आणि धुराची चवही तीच हवी. भाजायचं वाडीत, भिंतीच्या आडोशाला. वाळूवर अजिबात नाही, एक झुळूक आली तरी दातांखाली कचकच. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुरी, मिरची, कांद्याची पात. दुपारच्या पंगतीला वरणबट्टी ठेवा, बट्ट्या थांबतात, माणसं मागेपुढे आली तरी चालतं.

खापरावरचे मांडे मात्र तिथे धरू नका असं माझं मत. मांडे करणाऱ्या बायांचा हात बसलेला असतो घरच्या चुलीला. वारा फिरला की खापर एका बाजूने तापतं आणि मांडा फाटतो. त्या बिचाऱ्यांची मेहनत जाते. मांडे घरी, लग्नानंतर लेक-जावई मांडव परतणीला येतील तेव्हा करा.

आणखी एक, हे कुणी सांगणार नाही. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. अशा पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. आठ दिवस आधी जावयांच्या घरी एक वाटी डाळ शिजवून बघायला सांगा. नाही शिजली तर गोड्या पाण्याचा टँकर ठरवा.

सावद्याची आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. गार्डदादा, पाऊणचा हिशोब मी आमच्या गुरुजींना सांगितला. त्यांनी पंचांग उघडून तिथल्या तिथे पुढच्या सहा तिथ्यांच्या भरत्या मांडल्या, त्यांनाही फार आवडलं. जावई पौर्णिमेला खुंटी ठोकणार आहेत. रेल्वेचे अर्ज एकवीस घरांत वाटलेत. डाळ उद्या शिजणार. अन्नपूर्णाताई, मांड्यांचं ऐकते तुमचं, जीवावर आलं तरी.

तारामासे आणि निळे पडदे रद्द. केळीचे खांब, झेंडू, नारळाच्या झावळ्या, बास.

सासूबाईंना कवड्यांचं वाचून दाखवलं. त्यांनी काही न बोलता पेटी काढायला लावली. सारीपाटाचं कापड कसरीने खाल्लंय, पण कवड्या सोळाच्या सोळा निघाल्या, लाल सुती पिशवीत, त्यांच्या आईने दिलेल्या. साध्या पाण्यात धुवून ओसरीवर सुपात वाळत घातल्यात. सासूबाई सुपाशेजारीच बसून आहेत, मांजर येईल म्हणून.

नंदुरबारच्या पोरी, एवढं सांग, कवडीला भोक नाही, मग तुझ्या आईने शिवल्या कशा?

तापीकाठची, नंदुरबार

काकू, कवडीची फुगीर पाठ पाट्यावर पाण्याचे थेंब टाकत हळूहळू घासायची. पापुद्र्यासारखी पातळ होते आणि भोक पडतं. जोर करू नका, तडकते. मग दुहेरी दोरा त्या भोकातून आणि खालच्या दातांच्या फटीतून. सोळाही शिवा, पण दोन्ही टोकांना तीन-तीन एकत्र घ्या, वारा टोकं आधी उचलतो.