पुराच्या आठवड्यात दुकान आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीत नदीकाठच्या पेठेत तळमजल्यावर हळदीची 60 पोती आहेत. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. बहुतेक जण चाळीसची वाट बघतात, घोळ तिथंच होतो. तोवर सूर्यवंशी प्लॉट या सखल वस्तीत पाणी शिरतं, हमाल स्वतःचंच घर हलवत असतात (त्यांना बोलावणंही बरं नव्हे) आणि टेम्पो मिळत नाही. तळाचं पोतं भिजलं की गोणपाट ओल वर ओढतं, वरच्या थरालाही बुरशी धरते. म्हणून 30 फुटांवरच माल हलवायचा विचार आहे. हे फार लवकर होईल का? कोयनेचा विसर्ग वाढल्यावर किती तास हातात धरायचे?

दुसरं, विमा. माल 10 लाखांचा आणि विमा 6 लाखांचा असेल, तर 2 लाखांच्या नुकसानीला त्याच प्रमाणात साधारण 1 लाख 20 हजारच मिळतात. हंगामात साठा वाढतो तेव्हा विम्याची रक्कम मध्येच वाढवून घेता येते का?

आणि घरात म्हातारी माणसं असतील, तर आधी घर हलवता की दुकान? कोण काय करणार हे आधीच ठरवून ठेवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.