मदत हवी आहे: ताग रोटरला गुंडाळतोय, गाडायचा कसा?

पंचगंगाकाठ: उसाच्या आडसाली (जुलै-ऑगस्टच्या) लागणीआधी हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडायला ताग केलाय. रोटर (रोटाव्हेटर) घातला की दहा-बारा फुटांत शाफ्टला दोरखंडासारखा गुंडाळतो, पाती दिसेनाशी होतात. कोयत्यानं तोडून काढावा लागतो. जुलैअखेर लागण करायची आहे, लवकर सांगा.

बांधकरी: पेरला कधी? फुलावर आहे की शेंगा धरल्यात? जमीन कसली, वाफसा (मशागतीजोगी ओल) आहे का?

शिरोळकर: ताग कशाला केला? धैंचा करायचा, तोही हिरवळीचंच पीक. एकरी २० किलो बी, पाणी तुंबलं तरी तग धरतो, चोपण (क्षारानं घट्ट झालेली) जमीन सुधारते.

पंचगंगाकाठ: शिरोळकर, जमीन चोपण नाही हो. करवीरची भारी काळी आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात एकरी २५ किलो फोकला. डोक्याच्या वर गेलाय, खालून शेंगा धरायला लागल्यात. सध्या वाफसा आहे.

बांधकरी: मग रोटरला काय दोष? ताग निबर झालाय. ४५ ते ५० दिवसांत, फुलं दिसायला लागली की गाडायचा. त्यापुढं सालीत वाख (चिवट धागा) तयार होतो, तो पात्यानं तुटत नाही. शिवाय असा ताग कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि उसाचा कोंब पिवळा पडतो.

पाचटवाला: पाचट (उसाचा वाळला पाला) कुट्टीचं मशीन लावा. उभ्या, हिरव्या तागावरच चालवा, कापून सुकवत ठेवू नका, सुकला की वाख आणखी चिवट होतो. गिअर हळू ठेवा, बारीक तुकडे पडले पाहिजेत. मग एकरी २५ किलो युरिया आणि २ पोती सुपर फॉस्फेट फेकून ४-५ इंचच रोटर मारा.

नांगरगट्टी: कुट्टीचा खर्च कशाला? जड फळी ओढून ताग आडवा पाडा आणि पडलाय त्याच दिशेनं पलटी नांगर घाला. उलट गेलात तर शेंडे फाळात अडकतात.

पाचटवाला: भारी जमिनीत, जुलैच्या पावसात पलटी? अख्खा ताग ढेकळाखाली दबतो, हवा मिळत नाही, आंबूस वास मारत सडतो.

नांगरगट्टी: वाफसा आहे म्हणालेत ना ते! वाफशात पलटीला काही होत नाही.

दूधगंगा: जरा विषय सोडून विचारतो, हा ताग म्हशीला चालेल का?

बांधकरी: शेंगा धरलेला नको, बी विषारी असतं.

पंचगंगाकाठ: कुट्टी करतो. पण जुलैअखेर लागण होईल का ते कुणीच सांगितलं नाही.

बांधकरी: उसाची कांडी लावायची तर नाही. निबर तागाला कुजायला ओलीत ३-४ आठवडे लागतात. तोवर ट्रेमध्ये एक डोळ्याची रोपं धरा, ३०-३५ दिवसांत लावायला येतात. आडसाली १५ ऑगस्टपर्यंत चालते. लागणीवेळचा नत्राचा १० टक्के हप्ता ताग गाडलाय म्हणून सोडू नका. लागणीसाठी सरी सोडण्याआधी वीतभर उकरून तागाची काडी ओढून बघा. सहज तुटली तर सोडा, सालीचा दोरा निघाला तर अजून आठवडाभर थांबा.