अमेरिकेतील विद्यापीठाकडे आर्थिक मदत मागितली, तर प्रवेशाची संधी कमी होते का?

उदगीरचे पालक:
नमस्कार. माझी मुलगी लातूरला अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिच्या वर्गातील बहुतेक मुले नीटच्या तयारीत असली, तरी तिला अमेरिकेत जाऊन गणित शिकायचे आहे. आमची 6 एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन आणि तूर एवढीच पिके आहेत. तिथला वर्षाचा खर्च 80,000 डॉलरच्या पुढे जातो, हे कळल्यावर मी विषय मिटवला होता. आता एका समुपदेशकाने सांगितले की, मदत मागितली तर प्रवेशाची संधी कमी होते, म्हणून अर्जात मदत नको असे लिहा, प्रवेश झाल्यावर मागता येईल. हा सल्ला योग्य आहे का?

नांदेडकर:
अजिबात नाही. अर्जाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक विद्यापीठे पुढे मदतीचा विचारच करत नाहीत, आणि मग प्रवेशपत्र हातात असूनही घरी बसावे लागते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि 2022 पासून डार्टमथ, ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत, म्हणजे निवड करताना ती घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. स्टॅनफर्ड, कॉर्नेल यांसारख्या ठिकाणी मात्र परदेशी अर्जदाराची मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. तिथे आपली शंका खरी आहे. अर्थात नीड-ब्लाइंड म्हणजे सोपे नव्हे. हार्वर्डमध्ये 100 अर्जदारांपैकी जेमतेम 4 जणांना प्रवेश मिळतो.

परभणीची मावशी:
माझ्या भाच्याचा अर्ज भरताना खरी दमछाक झाली ती कागदपत्रांनी. नववीपासूनचे गुण लागतात, आणि आपल्याकडे दहावीनंतर कॉलेज बदलते, त्यामुळे गावच्या शाळेत पुन्हा जावे लागले. तिथले लिपिक म्हणाले, “दहावीची सनद असताना नववीचे गुण कशाला?” शिफारसपत्रात तर एकच ओळ होती, वर्तणूक चांगली आहे. तेवढ्याने तिकडच्या माणसाला काय कळणार? शेवटी त्याच्या वर्गशिक्षिकांसोबत बसलो, तेव्हा त्यांना आठवले की शाळेच्या बोअरचा स्टार्टर जळाल्यावर त्याने दोन दिवस खपून तो सुरू केला होता. ते पत्रात आले. चार ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी पूर्ण मदतीसह प्रवेश मिळाला.

मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक माहितीचा ऑनलाइन अर्ज, भरावे लागते. त्यात उत्पन्नाबरोबर बचत आणि मालमत्ताही विचारतात, म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे आधीच तयार ठेवा. जमीन लपवू नका. तिच्यातून वर्षाकाठी किती हाती येते, ते वेगळ्या पत्रात समजावून सांगा.

उदगीरचे पालक:
ताई, मनापासून आभार. सॅट ही तिकडच्या प्रवेशासाठीची परीक्षा द्यावीच लागेल का?

नांदेडकर:
द्यावी. एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी 2024 मध्ये ती किंवा तशीच दुसरी परीक्षा पुन्हा अनिवार्य केल्याचे जाहीर केले. अर्ली डिसिजन, म्हणजे मुदतीआधी एकाच विद्यापीठाला केलेल्या अर्जाने मात्र, प्रवेश मिळाल्यास तिथेच जायला आपण बांधले जातो, त्यामुळे मदतीचा हिशेब पाहिल्याशिवाय तो भरू नका. त्याची मुदत साधारणपणे 1 नोव्हेंबरला असते, तर नियमित अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे बारावीच्या सराव परीक्षांच्या ऐन धामधुमीत. निबंध दिवाळीपूर्वीच लिहून झालेले बरे.

उदगीरचे पालक:
सोमवारी गावच्या शाळेत नववीचे गुण मागायला जातो.