म्हाताऱ्या माकडाला टोळी एकटं पाडते, की ते स्वतःच सोबत निवडतं?

पंचवटीकर: रविवारी ब्रह्मगिरी चढताना पायऱ्यांशी एक म्हातारी माकडीण दिसली. ओठ लोंबलेला, पाठीचे केस विरळ. बाकीची टोळी आमच्या पिशव्यांवर तुटून पडली, ही जागची हलली नाही. मग दुसरी एक मादी येऊन तिच्या मानेतल्या उवा वेचू लागली, तशी हिनं डोळे मिटून हनुवटी वर केली. आम्ही उतरलो तेव्हाही दोघी तिथेच होत्या.

सोबतचे म्हणाले, "म्हाताऱ्यांना टोळीत कोण विचारतं?" मला हे अजिबात पटत नाही. पोर्तो रिकोजवळच्या कायो सँटियागो बेटावर १९३८ साली भारतातून लाल तोंडाची सुमारे ४०० माकडं नेऊन सोडली. त्यांच्या वंशजांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्याच त्या माद्या वर्षानुवर्षं पाहिल्या, तर वयाबरोबर त्या स्वतःहून कमी जणांकडे जाऊ लागल्या. नात्यातल्या आणि जुन्या सोबतिणी मात्र सुटल्या नाहीत. टाकलेल्या म्हाताऱ्यांचं हे वागणं नव्हे.

सिडकोची सून: स्वतःहून म्हणजे आवडीनं असं कुठे आहे? त्याच बेटावरच्या माकडांना आपल्यासारखाच गुडघ्यांचा संधिवात होतो. माझ्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. भजनी मंडळ सुटलं. आता सगळे म्हणतात, "त्यांना एकटंच बरं वाटतं." हे ऐकलं की जीव तुटतो. दुखण्याला निवड म्हटलं की घरच्यांची जबाबदारी संपते.

पंचवटीकर: ताई, जबाबदारीचं शंभर टक्के मान्य. पण सगळं गुडघ्यांवर ढकलता येत नाही. फ्रान्समध्ये रोकामादूरच्या बार्बरी माकडांवरचा २०१६ चा अभ्यास बघा. नव्या वस्तूंतला रस त्यांचा तरुणपणीच ओसरतो, तेव्हा कुठलं आलंय दुखणं? आणि म्हातारपणी सोबती कमी झाले, तरी मित्राची किंकाळी ऐकली की ती कान टवकारतातच.

गंगाघाट: मला तिसरंच वाटतं. लॉरा कार्स्टनसेन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं, आयुष्य थोडं उरलंय हे जाणवलं की माणूस जवळच्यांनाच धरून राहतो. माकड काही उरलेली वर्षं मोजत नसणार. तरी तेच करतं. म्हणजे ही खोड फार जुनी असावी, आणि मरणाच्या जाणिवेशिवायही येत असावी.

सिडकोची सून: किंकाळीचं वाचून थांबले. सासूबाईंची मंडळातली एक मैत्रीण मखमलाबादला असते, तिचं नाव अजून रोज निघतं. शनिवारी मुलाला सांगून खुर्चीत बसवून खाली उतरवते, रिक्षानं नेते. गुडघ्यांचं माझं म्हणणं मात्र मागे घेत नाही.